दुखणे उलटू नये म्हणून



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू अशी त्यांची साहजिकच अपेक्षा होती. आम्ही विषय मागून घेतला तो मानसशास्त्रातल्या काही शब्दांचा. त्यावर एका चालकांनी जरा चाचरतच विचारले, 'अण्णा, युनियन आणि मानसशास्त्र यांचा मेळ कसा बसायचा?' तो मेळ बसतो की नाही, हे तासाभराने आपणच ठरवावे.

आधी आमचा अधिकार किती, ते सांगून टाकतो. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा विद्वानांच्या प्रांतात आम्ही पाहुणे आहोत आणि पाहुण्याने पायरी ओळखून बोलावे हे आम्ही जाणतो. परंतु संघटनेच्या कचेरीत तीस वर्षे बसल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. समोर येणारा कागद कधी आरोपपत्राचा असतो, कधी खाड्यांचा, कधी उचलीचा; आणि त्या कागदामागे पुष्कळदा दारू असते. कागदाशी कसे लढावे हे आम्हांला कायद्याने शिकवले. कागदामागच्या माणसाशी कसे वागावे हे शिकण्यासाठी मात्र दुसरी पुस्तके धुंडाळावी लागली. त्यांत जे शब्द सापडले त्यांतले पाचसहा आज आपल्यापुढे ठेवतो. शब्द हेही एक अवजारच आहे. हाताशी योग्य मापाचा पाना नसला की माणूस नट हातोडीने ठोकतो आणि आटे बिघडवून बसतो. दारू सोडलेल्या माणसाच्या बाबतीत आपण पुष्कळदा अशीच हातोडी चालवतो.

पहिला शब्द आपल्या घरातलाच आहे. ताप उतरून चार दिवसांनी पुन्हा चढला की आपल्या आज्या म्हणत, 'ताप उलटला.' इंग्रजी ग्रंथांत ज्याला 'रिलॅप्स' म्हणतात त्याला याहून नेमका शब्द आम्हांला तरी मिळालेला नाही. ताप उलटतो तसे व्यसनही उलटते. फरक एवढाच की, ताप उलटला तर आपण डॉक्टरकडे धावतो आणि व्यसन उलटले तर रोग्याच्या अंगावर धावतो.

हे उलटणे किती सार्वत्रिक आहे? १९७१ साली अमेरिकेत हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू, तंबाखू आणि हेरॉइन या तीन व्यसनांवर उपचार घेतलेल्या लोकांची आकडेवारी एका आलेखावर मांडली. तिन्ही रेषा जवळजवळ एकावर एक बसल्या. उपचार संपल्यापासून पहिल्या तीन महिन्यांतच सुमारे दोन तृतीयांश माणसे मूळपदावर आली होती. व्यसन सोडणे आणि सुटलेले राहणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, असा याचा सरळ अर्थ आहे. पहिल्या कामासाठी रुग्णालय आहे, औषध आहे. दुसऱ्या कामाला जागा एकच, ती म्हणजे आपले गाव, आपले घर, आपले कारखाने.

आपल्याकडे हे वेगळ्या रीतीने दरवर्षी दिसते. आषाढी अमावास्येला गटारी करून श्रावण कडक पाळणारी कितीतरी माणसे आपल्या ओळखीची असतील. महिनाभर ती बाटलीला शिवत नाहीत. म्हणजे त्यांच्या अंगी सोडण्याची ताकद नाही असे नव्हे. मग श्रावणात ती कोठून येते आणि भाद्रपदात कोठे जाते? श्रावणात घर त्यांच्या बाजूने असते, दोस्त त्यांच्या बाजूने असतात. 'नको, श्रावण आहे' एवढे म्हटले की कोणी आग्रह करीत नाही, कोणी हिणवत नाही. श्रावण संपला की कुंपण निघते. कुंपण माणसांचे होते, हे आपण विसरतो आणि दोष एकट्याच्या मनाला देतो. (येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. जो वर्षानुवर्षे रोज पितो त्याने एकाएकी आपल्या मनाने दारू बंद करू नये. अशा माणसाला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याने डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबावे.)

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. ॲलन मार्लाट या नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. जन्म १९४१ सालचा, कॅनडातील व्हँकूवरचा. काम केले अमेरिकेतील सिएटल येथे, वॉशिंग्टन विद्यापीठात. २०११ साली ते वारले. १९८५ साली त्यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्याबरोबर व्यसन उलटू न देण्यावर मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांनी साधाच प्रश्न विचारला: सोडल्यानंतर माणसाने पहिला घोट घेतला, पहिली सिगारेट ओढली, तेव्हा नेमके काय घडत होते? दारू, तंबाखू, हेरॉइन, जुगार आणि अतिखाणे यांतले असे ३११ प्रसंग त्यांनी तपासले. त्यांपैकी ३५ टक्के प्रसंगी माणूस रागात, चिंतेत, उदासीत किंवा नुसत्या कंटाळ्यात होता. १६ टक्के प्रसंगी नुकतेच कोणाशी तरी भांडण झाले होते. २० टक्के प्रसंगी भोवतालच्या मंडळींचा आग्रह किंवा दबाव होता. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश घसरणी या तीन दरवाजांतून झाल्या. यांना त्यांनी 'जोखमीचे प्रसंग' असे नाव दिले. या वर्गवारीवर पुढे इतर संशोधकांनी शंकाही घेतल्या. त्या घेतल्या जाव्यातच. परंतु आमच्यासारख्याला त्यातला एक हिशेब महत्त्वाचा वाटला. भांडण आणि आग्रह यांची बेरीज ३६ टक्के होते. म्हणजे तीनांतली एक घसरण माणसामाणसांमधल्या जागेत घडते. ती जागा कोणा एकट्याच्या डोक्यात नसते, ती आपणा सर्वांच्या मालकीची असते.

आपल्या औद्योगिक वसाहतीत हे प्रसंग कोणते, ते सांगायला संशोधक नकोत. पगाराचा दिवस. दिवाळीच्या बोनसाचा दिवस. तिसरी पाळी सुटल्यावरची सकाळ, जेव्हा अंग आंबलेले असते आणि झोप येत नाही. सुपरवायझरने चारचौघांत काढलेला अपमान. हळदीची रात्र. कोणाची निवृत्ती. आणि मराठीतला तो निरागस दिसणारा प्रश्न: 'काय मग, बसायचे का?' जगात कोणत्या भाषेत 'बसणे' या क्रियापदाला एवढा अर्थ चिकटला असेल ते आम्हांला ठाऊक नाही. नुकतीच सोडलेल्या माणसाला त्या प्रश्नाला नकार देणे म्हणजे दारूला नकार देणे नसते. दहा वर्षांच्या सोबत्यांना नकार देणे असते. म्हणून त्याला नुसते 'नाही म्हणायला शीक' असे सांगून भागत नाही. त्या सोबत्यांनाही 'चहाला बसायचे का?' असे विचारायला शिकावे लागते.

तिसरा शब्द जरा गमतीचा आहे. मार्लाट एका जुगाऱ्याची हकीकत सांगत. त्याने जुगार सोडला होता. सॅन फ्रान्सिस्कोहून सिएटलला पत्नीसह मोटारीने परत निघाला. सरळ रस्ता सोडून, वाटेत सृष्टिसौंदर्य पाहू म्हणून, त्याने गाडी डोंगरातल्या सरोवराच्या दिशेने घातली. तो रस्ता पुढे गेला रेनो शहराकडे, आणि रेनो हे तर जुगाराचेच गाव. तेथे गाडी उभी करायच्या यंत्रात टाकायला सुटी नाणी नव्हती, म्हणून ती घ्यायला तो जवळच्या दारात शिरला. ते दार जुगारघराचे निघाले! यातला एकेक निर्णय सुटा पाहिला तर निष्पाप आहे. ओळीने लावले की ती वाट कोठे जाणार होती ते दिसते. यांना मार्लाटांनी 'वरकरणी निरुपद्रवी निर्णय' म्हटले.

आमच्या कचेरीत असा रेनोचा रस्ता पुष्कळ वेळा पाहायला मिळतो. माणूस म्हणतो, 'अण्णा, एवढ्या वेळी उचल मिळवून द्या, घराचे पत्रे बदलायचे आहेत.' मग पैसे बायकोच्या हाती न देता खिशात ठेवतो. मग कंपनीच्या बसने न जाता एका सोबत्याच्या मोटारसायकलवर मागे बसतो. मग त्या सोबत्याला स्टेशनाजवळ काम निघते. पत्रे बाजूलाच राहतात. तो खोटे बोलत होता का? आमचे मत असे की, पत्र्यांचे सांगताना तो खरेच बोलत होता. मनाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्याला न कळवता वाट आखीत असतो. म्हणून सोडलेल्या माणसाने आणि त्याच्या हितचिंतकांनी शेवटच्या पावलाऐवजी पहिल्या वळणावर पहारा ठेवावा. पैसे कोणाच्या हाती, घरी जायचे कोणत्या रस्त्याने, सोबत कोणाची, हे तीन प्रश्न पगाराच्या आदल्या दिवशी सुटलेले असावेत.

आता आमच्या मते सर्वांत मोलाचा शब्द. घसरणे वेगळे आणि उलटणे वेगळे. ओल्या फरशीवर पाय सरकतो. त्यातून माणूस सावरतो किंवा आडवा होतो. एक घोट ही घसरण आहे. त्यापुढे आठ दिवस पीत राहणे हे उलटणे आहे. या दोहोंमध्ये जे घडते त्याला मार्लाटांनी जे नाव दिले त्याचे मराठी 'व्रतभंगाचा परिणाम' असे करता येईल. आपल्याला तो चांगला परिचयाचा आहे. आपल्याकडे दारू सोडण्याचा एक फार जुना आणि फार उपकारक मार्ग म्हणजे माळ घालणे. तुळशीच्या माळेने जितके संसार सावरले असतील तितके कोणत्या औषधाने सावरले असतील की नाही, शंकाच आहे. परंतु माळकऱ्याच्या हातून एकदा चुकले की काय होते? तो स्वतःच्या हाताने माळ काढून खुंटीला टांगतो आणि म्हणतो, 'आता बाटलोच, तर पुरतेच बाटू.' एका प्याल्याने जेवढे नुकसान केले नसेल तेवढे हे एक वाक्य करते. चूक एका संध्याकाळची होती. त्याने तिचा निकाल लावला तो आपल्या सबंध जन्मावर. 'मी मुळातच असा. मी नेहमी असाच राहणार. माझ्यात काहीच चांगले नाही.' ही तीन वाक्ये मनात उमटली की पश्चात्ताप असह्य होतो, आणि तो बुडवायला हाताशी असते तीच बाटली.

आपण म्हणाल, हे मनाचे खेळ झाले. दारूचा थेंब पोटात गेला की शरीरच पुढचे मागते. यावर १९७३ साली मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. पिणाऱ्यांना 'चव सांगा' असे निमित्त देऊन पेये दिली. काहींना व्होडका आहे असे सांगून नुसतेच टॉनिक पाणी दिले, तर काहींना नुसते टॉनिक आहे असे सांगून व्होडका मिसळून दिली. अधिक कोण प्यायले? ज्यांना आपण दारू पीत आहोत असे वाटत होते ते. मग पेल्यात काही असो. खूप पिणाऱ्यांच्या बाबतीतही हेच दिसले. शरीराचे व्यसन खोटे आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. मघाशी आम्ही झटक्यांचा इशारा दिला तो खराच आहे. आणि 'एक घोट घेतला तर काय बिघडते?' अशी परवानगीही कोणी यातून काढू नये. अर्थ एवढाच की, पहिल्या घोटानंतर माणूस स्वतःविषयी काय समजतो याला मोठे वजन आहे. आणि त्या घटकेला तो काय समजेल हे बरेचसे भोवतालची माणसे काय बोलतात यावर ठरते.

एक उदाहरण देतो. प्रेसवर काम करणारा एक कामगार अकरा महिने कोरडा राहिला होता. पुतण्याच्या हळदीला तो घसरला. सकाळी घरात पहिले वाक्य ऐकू आले, 'शेवटी जातीवर गेलातच.' लाजेने तो कामावर गेला नाही. दुसऱ्या दिवशी कारण काय सांगावे हे सुचेना, म्हणून गेला नाही. नऊ खाडे झाले, मग आरोपपत्र आले, आणि मग दारूला दिवस-रात्र उरली नाही. त्याच वसाहतीतला दुसरा एक जण असाच घसरला. त्याने रात्री अकराला आपल्या एका जुन्या सोबत्याला फोन केला. सोबता म्हणाला, 'भाऊ, उरलेली ओतून टाक, जेवून झोप, सकाळी पहिल्या पाळीला मी तुला घ्यायला येतो.' तो सकाळी गेला, त्याला घेऊन आला. तो माणूस आजही कामावर आहे. दोघांचा पेला सारखाच होता. फरक पडला तो नंतरच्या बारा तासांत.

येथून आम्ही घराकडे वळतो, आणि फार जपून बोलतो. इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या पुरुषांचा पाठपुरावा केला. त्यांना दिसले की, आईबापांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा भावाबहिणींकडे किंवा खानावळीच्या खोलीत राहायला गेलेल्यांची प्रकृती अधिक टिकली. हे ऐकून आपल्याला धक्का बसतो; त्यांनाही बसला असावा. मग त्यांनी घरातल्या बोलण्याची मोजदाद सुरू केली. मुलाखती ध्वनिमुद्रित करून शब्दांइतकेच आवाजातले चढउतार तपासले. १९७२ साली ब्राऊन, बर्ली आणि विंग यांनी स्किझोफ्रेनियाच्या १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरांत सतत टोचणी, वैरभाव किंवा मर्यादेबाहेरची काळजी होती, तेथे नऊ महिन्यांत ५८ टक्के रुग्णांचे दुखणे उलटले. जेथे ती नव्हती तेथे १६ टक्क्यांचे. या मापाला त्यांनी 'व्यक्त भावना' असे नाव दिले. हा आजार वेगळा, हे आम्ही जाणतो. परंतु १९९८ साली अमेरिकेत ओफॅरेल आणि सहकाऱ्यांनी हेच माप मद्यपी पुरुषांच्या घरांना लावून पाहिले, तेव्हा तेथेही टोचणीच्या घरांत व्यसन अधिक उलटते असे आढळले. आपल्या देशातही चंडीगडला हे माप लावले गेले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लंडनपेक्षा चंडीगडच्या नातेवाइकांत टोचून बोलणारे कमी निघाले. आपल्या घरांत मायेची जी शिल्लक आहे ती काही कवींची कल्पना नाही, तिची नोंद झालेली आहे.

भगिनींनो, याचा अर्थ 'नवरा पितो तो बायकोच्या जिभेमुळे' असा काढणाऱ्याला आपण खुशाल या सभेतून बाहेर घालवावे. ब्राऊन यांनी दोष मोजला नव्हता. दहा वर्षे ज्या बाईने मार खाल्ला, सावकाराला तोंड दिले, मुलांची फी भरण्यासाठी धुणीभांडी केली, तिच्या आवाजात धार येणारच. ती धार तिच्या दुःखाची आहे. आणि जेथे मारहाण आहे तेथे गोड बोलण्याचा सल्ला देणे हा गुन्हा आहे. तेथे तिला आधी सुरक्षित जागा आणि कायद्याचे साहाय्य हवे. आमचे म्हणणे एवढेच की, तिचा भार हलका केल्याशिवाय तिचा आवाज मऊ होणार नाही, आणि तो भार हलका करणे हे शेजाऱ्यांचे, नातलगांचे आणि संघटनेचेही काम आहे.

याच अभ्यासांत आणखी एक बारीक गोष्ट आहे. ज्या घरात टोचणी आहे तेथे रुग्ण आणि नातेवाईक आठवड्यातले पस्तीस तासांहून अधिक समोरासमोर राहिले तर धोका वाढे. आता आमच्या क्षेत्रात याचा विचार करा. कामगार एकदा घसरला, खाडे झाले, की कारखाना त्याला निलंबित करतो. म्हणजे माणसाला दिवसभर घरी बसवतो. पगार तुटलेला, शेजाऱ्यांत बभ्रा झालेला, बायकोपुढे चोवीस तास मान खाली. दुखणे उलटावे म्हणून कोणी मुद्दाम योजना आखली असती तरी याहून बिनचूक आखता आली नसती.

पाचवा शब्द आमच्या संघटनेच्या लोकांना जरा झोंबेल. १९६८ साली स्टीफन कार्पमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी एक त्रिकोण मांडला. त्याच्या तीन कोपऱ्यांवर तीन भूमिका: छळणारा, तारणारा आणि बळी. त्याआधी १९६४ साली एरिक बर्न यांनी दारुड्याभोवती चालणाऱ्या नात्यांच्या 'खेळा'चे वर्णन केलेलेच होते. खुबी अशी की, या त्रिकोणात कोणी एका कोपऱ्यावर स्थिर राहत नाही. पिणारा बळी असतो, सुपरवायझर छळणारा असतो, युनियनचा कार्यकर्ता तारणारा होतो. तीन वेळा तारल्यावर चौथ्यांदा कार्यकर्त्याचे डोके फिरते आणि तो म्हणतो, 'मर आता!' तारणारा झाला छळणारा. मग पिणारा गावभर सांगतो, 'युनियननेच मला बुडवले.' आता कार्यकर्ता बळी!

तारणाऱ्याच्या कामाला मराठीत फार सुंदर शब्द आहे: पांघरूण घालणे. आई मुलाच्या वतीने 'त्याला ताप आहे' म्हणून कारखान्यात निरोप पाठवते. भाऊ सावकाराचे देणे परस्पर फेडतो. सोबती त्याची हजेरी सांभाळतात, त्याचे काम आपण उरकतात. कार्यकर्ते त्याच्या वतीने व्यवस्थापकाशी रदबदली करतात आणि त्याला काही विचारीत नाहीत. यातले प्रत्येक कृत्य प्रेमाचे आहे आणि प्रत्येकाने दुखणे लांबते, कारण दारूची किंमत पिणाऱ्याखेरीज बाकी सगळे भरीत असतात. मग काय, सोडून द्यावे? नाही. आधार देणे आणि पांघरूण घालणे यांत आम्ही असा भेद करतो: जे काम तो स्वतः करू शकतो ते त्याच्यासाठी करणे म्हणजे पांघरूण, ते करताना त्याच्या शेजारी उभे राहणे म्हणजे आधार. साहेबाकडे जायचे त्याने, बोलायचे त्याने. आम्ही बाजूच्या खुर्चीवर बसू.

याचा उपयोग दुहेरी आहे. आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली 'स्वसामर्थ्याची खात्री' ही कल्पना मांडली. ही खात्री उपदेशाने फारशी येत नाही. एखादे कठीण काम आपल्या हातून पार पडले की येते. साहेबासमोर ताठ बसून 'मी उपचार घेतला, मला काम करायचे आहे' एवढे दोन वाक्यांत सांगितलेल्या माणसाची मान नंतर 'बसायचे का?' या प्रश्नापुढेही जरा ताठ राहते.

शेवटचे उदाहरण परिस्थितीचे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचा फार प्रसार झाला होता. १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या विदुषींनी केला. सुमारे पाचव्या हिश्श्याने आपण तेथे व्यसनाधीन झाल्याचे सांगितले. सरकार घाबरून गेले होते. परंतु तेथे व्यसनी झालेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले ते केवळ पाच टक्क्यांच्या आसपास. युद्ध, भीती, रिकामा वेळ आणि हाताशी स्वस्त हेरॉइन हे सारे मागे राहिले आणि बहुतेकांचे व्यसनही मागे राहिले. आमच्या कामगाराला घरी परतायला दुसरा देश नाही. तो रुग्णालयातून त्याच गल्लीत, त्याच पाळीत, त्याच बारसमोर परततो. तेव्हा आपल्याला माणूस हलवता येत नसेल तर निदान गल्ली थोडी बदलावी लागेल.

म्हणून आम्ही आमच्यापुरती एक रीत ठरवली आहे. ती आपल्यापुढे ठेवून थांबतो. उपचार घेऊन आलेल्या कामगाराला पहिले तीन महिने तिसरी पाळी देऊ नये, असा आग्रह आम्ही व्यवस्थापनाकडे धरतो. तीन महिने का, ते हंट यांच्या आलेखाने सांगितले आहे. त्याच्याबरोबर एक सोबती नेमला जातो, शक्यतो स्वतः सोडलेला. पगाराच्या दिवशी तो दोघांचा मिळून रस्ता ठरवतो. घसरल्यास चोवीस तासांच्या आत कळवायचे, एवढे वचन कामगाराकडून घेतो; आणि कळवणाऱ्याला कोणी 'पुन्हा?' असे विचारायचे नाही, एवढे वचन आम्ही देतो. त्या रात्री एकच प्रश्न विचारायचा: 'उद्या सकाळी तुला घ्यायला किती वाजता येऊ?' घरच्या मंडळींची बैठक वेगळी घेतो, कारण त्यांना बोलायला त्याच्याशिवाय जागा हवी असते. आणि एका बाबतीत सवलत नाही: पिऊन आलेला माणूस यंत्राजवळ उभा राहणार नाही. त्याला त्या दिवशी आम्हीच घरी पोचवतो. प्रेसखाली बोटे जातात ती शेजाऱ्याचीही जातात.

यावर काही कारखानदार म्हणतात, 'तुम्ही दारुड्यांचे लाड करता.' त्यांना आमचे उत्तर असे. १९४६च्या कायद्याखालील नमुना स्थायी आदेशांत नशेत असणे ही गैरवर्तणूक म्हणून लिहिलेली होती, आणि कारखान्यात शिस्त हवी हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याच जगात पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या आचारसंहितेत दारूचा प्रश्न इतर आरोग्यप्रश्नांप्रमाणेच हाताळावा असे म्हटले. आपल्या संसदेने २०१७ साली केलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि मादक पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत धरल्या आहेत. क्षयाचा रोगी उलटला म्हणून कोणी त्याला आरोपपत्र देत नाही. पंधरा वर्षे हात बसलेला कामगार काढून नवा घडवायला किती दिवस लागतात, हे कारखानदारांनीच आपल्या हिशेबनीसाला विचारावे.

पुण्यात १९८६ साली मुक्तांगण उभे राहिले, त्यानंतर आपल्या महाराष्ट्रात व्यसन हा आजार आहे हे बोलायला माणसे शिकली. तेवढ्याने भागत नाही. आजाऱ्याला बरे करून रुग्णालय आपल्या दारात आणून सोडते. तेथून पुढचे काम डॉक्टरांचे नाही. या सभेतून आपण घरी जाल तेव्हा आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात असा एखादा माणूस आहे का ते आठवून पाहा. तो कोरडा असेल तर त्याला चहाला बोलवा. तो घसरला असेल तर आज रात्री त्याच्याशी काय बोलायचे ते ठरवा. फार शब्द लागत नाहीत.